शिपायाच्या कपाळी कुंकू

त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही तिघं आणि खाली घरमालकीण फ्राऊ एबरले. मधे लाकडी जिना. आईचा जर्मनीशी पहिला खरा सामना झाला तो त्या जिन्यावर. त्या भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे. एक आठवडा जिना, अंगण आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायची पाळी एका बिऱ्हाडाची, पुढचा आठवडा दुसऱ्याचा. पाळी कोणाची ते सांगणारी एक लाकडी पाटी असते. आपलं झालं की ती शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात ती पाटी आमच्या दाराला लटकली. बाबा नेकारसुल्मच्या गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना वाटलं, ही घरमालकिणीने स्वागताला दिलेली शोभेची वस्तू. त्यांनी ती हौसेने दिवाणखान्यात टांगली. शनिवारी संध्याकाळी फ्राऊ एबरले हातात खराटा घेऊन वर आल्या आणि एकही शब्द न बोलता तो आईच्या हातात दिला. आईनेही एकही शब्द न बोलता पदर खोचला. जिन्याच्या फळ्या तिने अशा पुसल्या की बाई वाकून बघत राहिल्या. साताऱ्याकडच्या खेड्यातली आई, पहाटे उठून अंगण सारवणारी. तिला झाडण्यात कोण हरवणार? “सुपर, फ्राऊ याग्ताप,” असं बाई म्हणाल्या आणि त्या दिवसापासून आमचं जगताप घराणं त्या गावात याग्ताप झालं.

मैत्री म्हणावी असं दोघींत बोलणं फारसं नव्हतं. आईचं जर्मन संध्याकाळच्या वर्गातलं, तर फ्राऊ एबरलेंची भाषा त्या वर्गातल्या पुस्तकात कुठेच न सापडणारी. पण पायरीवर बसून शेंगा सोलायला भाषा कशाला लागते? पहिल्या दिवाळीत चकलीच्या तळणाचा वास खाली गेला तेव्हा त्यांनी खिडक्या उघडायला सांगितल्या होत्या. दुसऱ्या दिवाळीत त्या स्वतःच ताटली घेऊन वर आल्या. करंजी त्यांना फार आवडायची. “आमच्या मावलटाशेची चुलत बहीण,” असं म्हणायच्या. त्यांच्या मावलटाशेत खिमा असतो हे कळल्यावर आईने त्या नात्याला कायमची हरकत घेतली.

आमच्या घराकडून बसथांब्याकडे जाताना चर्चच्या बाजूला एक दगडी शिपाई होता. गुडघ्यावर बसलेला, लोखंडी टोप काढून मांडीवर ठेवलेला, मान खाली. दगड तिथलाच, पिवळट, वाळूचा. त्याच्या मागच्या भिंतीवर गावातून दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं कोरलेली. शेवटच्या काही नावांपुढे बारीक अक्षरांत ‘बेपत्ता’. जर्मनीत असं स्मारक नसलेलं गाव मी अजून पाहिलेलं नाही. तिथली माणसं त्याच्यावरून रोज जातात आणि त्याच्याकडे बघत नाहीत. आईने मात्र पहिल्याच दिवशी चपला काढून हात जोडले. “हा इथला कुठला देव हो?” तिने बाबांना विचारलं. बाबा हसले. “देव कसला? युद्धात गेलेल्यांचा दगड आहे तो.” आई म्हणाली, “मग वीरगळच की.” तिच्या माहेरच्या वेशीवर तीन वीरगळ होते, कुठल्याशा जुन्या लढाईत पडलेल्या वीरांचे. त्यांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती, पण दर अवसेला त्यांना तेल-शेंदूर लागायचा. तेलाची वाटी न सांडता वेशीपर्यंत न्यायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, विजूचं. तो निम्मं तेल वाटेत सांडायचा आणि उरलेलं स्वतःच्या केसांना लावायचा, असं ती हसून सांगायची.

विजूमामा पुढे फौजेत गेला. त्याच्या सुट्ट्या आणि आमच्या फेऱ्या कधी जुळल्या नाहीत, त्यामुळे माझ्या आठवणीतला मामा बहुतेक फोनमधलाच आहे. खरखरणारा, मोठ्याने बोलणारा. मी जर्मनमधे उत्तर दिलं की म्हणायचा, “भाचीबाई, गोळीबार थांबवा, शरण आलो!” भाऊबीजेला तो चौकीवर असायचा. मग आई बाल्कनीत उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही किंवा भाऊ लांब आहे तिने बीजेच्या चंद्राला ओवाळावं, अशी आपली रीत आहे. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. दोन-चार दिवसांनी मामाचा फोन लागला की आई विचारायची, “पोचलं का रे ओवाळलेलं?” आणि तो म्हणायचा, “पोचलं, पण ओवाळणी चंद्राकडेच माग.”

त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फातल्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि मामा त्याखाली गेला. फोन आला तो शनिवार होता आणि झाडायची पाळी आमची होती. आईने फोन ठेवला, बादली भरली आणि जिना पुसायला गेली. सगळा जिना पुसला, फुटपाथवरचा बर्फ ओढला, मीठ टाकलं. फ्राऊ एबरले दारात येऊन “सुपर” म्हणाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. आईने त्यांना सांगितलंही नाही. मला वाटतं, ते सांगायला लागणारे शब्द तिच्याकडे होते, पण त्या शब्दांत सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मामाचं काही हाती लागलं नाही. अग्नी द्यायला, नेऊन पोचवायला काही नव्हतंच. मे महिन्यात आईच्या माहेरच्या गावाने शाळेच्या आवारात काळ्या दगडाचं स्मारक उभारलं. तेव्हा आमचे व्हिसाचे कागद कचेरीत अडकले होते आणि ते मिळेपर्यंत देश सोडता येत नव्हता. आजी फोनवर म्हणाली, “दगड चांगलाय गं. ऊन लागलं की तापतो.” आई त्या एका वाक्यावर कितीतरी दिवस जगली. ऊन लागलं की तापतो, असं कामात असताना मधेच पुटपुटायची.

दिवाळी आली तशी आमच्याकडे कढई चढली नाही. आपल्याकडे दुःखाच्या घरी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणून देतात. तिथे कोण आणून देणार? लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बेल वाजली. फ्राऊ एबरले सफरचंदाचा केक घेऊन उभ्या. “यंदा वास नाही आला,” त्या म्हणाल्या, “म्हटलं आजारी आहात की काय.” आईने केक घेतला, दार लावलं आणि ताटली छातीशी धरून तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. “शेजारणीने फराळ आणला गं,” एवढंच मला म्हणाली. मामा गेल्यापासून मी तिला तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

भाऊबीजेला आभाळ गच्च होतं. नेकारच्या खोऱ्यात नोव्हेंबरात धुकं उतरतं ते आठवडा आठवडा हलत नाही. दिवस मावळताना आई तबक घेऊन बाल्कनीत उभी राहिली. चंद्राचा पत्ता नाही. ती आत आली, परत गेली, परत आत आली. मी टेबलाशी गृहपाठ करत होते. एकदम म्हणाली, “ऊठ. छत्री घे आणि माझ्याबरोबर चल.” तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, साखर. मी चौदा वर्षांची, आणि त्या वयात आईबरोबर तबक घेऊन गावातून जाणं म्हणजे काय शिक्षा होती ते ज्याचं त्याने समजावं. रस्त्यावर कोणी नव्हतं. ती थेट त्या दगडी शिपायासमोर जाऊन थांबली. मी जर्मनमधे म्हटलं, “मामा, नाइन, बिट्टे.” नको ना, प्लीज. आईला मी जर्मन मुलांसारखं मामाच म्हणायचे. त्या दिवशी तो शब्द कसा वाटला असेल तिला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शिपाई गुडघ्यावर बसलेला असल्यामुळे त्याचं कपाळ तिच्या बरोबर हाताशी येत होतं. मी वाऱ्याच्या बाजूने छत्री आडवी धरली. आईने कुंकू तेलात कालवून आणलं होतं, वीरगळाला लावतात तसं. तिने त्याच्या कपाळावर ठसठशीत बोट ओढलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, मग निरांजन. त्याच्या दगडी ओठांना साखर लावली. आणि मग तबक त्याच्यासमोर धरून उभीच राहिली. ज्योत विझली तरी उभी. “वोराउफ वार्टेस्ट डू?” मी कुजबुजले. कशाची वाट बघतेस? “काही नाही,” ती म्हणाली आणि तबक खाली घेतलं.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी बसथांब्यावर जाताना मी चर्चपाशी थबकले. वाळूच्या दगडाने कुंकू पिऊन टाकलं होतं आणि पावसाने ते पसरवलं होतं. कपाळावरून नाकावर, गालावर, मागच्या भिंतीवर उडून नावांच्या शेवटच्या ओळींपर्यंत लाल ओघळ. शिपायाच्या डोक्यात कोणीतरी गोळी घातल्यासारखं दिसत होतं. लोक जमले होते. पुढच्याच रविवारी फोल्क्सट्राउअरटाग होता, युद्धात मेलेल्यांची आठवण काढण्याचा दिवस. आणि तिकडे अशा स्मारकांवर लाल रंग फासणं ही काही नवी गोष्ट नाही. हे हिटलरच्या फौजेत लढलेले लोक, यांचा कसला मान, असं म्हणणारे बरेच आहेत. आमच्या इतिहासाच्या शिक्षिका जवळपास तेच म्हणायच्या आणि मलाही ते पटत होतं. गावचे प्रमुख हेर क्लाइन फोनवर पोलिसांशी बोलत होते. मी बसमधे बसले. दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं.

दुपारी घरी आले तर जिन्यात फ्राऊ एबरले आणि आई. बाई पायरीवर बसलेल्या, खराटा हातात तसाच. “कोण करतं असं?” त्या म्हणत होत्या. “पोरं होती हो ती. हेल्मुट अठराचा होता. त्याच्या नावावरून गेलाय तो रंग.” त्यांचा भाऊ त्या भिंतीवर आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आईला अर्धंच समजलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला मराठीत सांगितलं, सकाळी पाहिलेलंही सगळं सांगितलं. आईने कठडा धरला.

रात्री जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं. “गप्प राहायचं,” ते म्हणाले. “अगं, पोलिसात तक्रार गेलीय. आपले कायम राहण्याचे कागद आउसलेंडरबेहोर्डेत, त्या परक्यांच्या कचेरीत, पडलेत. परकी माणसं आणि युद्धाचं स्मारक, उद्या पेपरात फोटो येईल. पाऊस आहेच, धुऊन जाईल.”

“जाणार नाही. दगडाने प्यायलंय ते,” आई म्हणाली.

“आई, तू हिटलरच्या सैनिकाला ओवाळलंस,” मी मराठीत म्हटलं. तिला टोचावं म्हणून मुद्दाम मराठीत.

“मी शिपायाला ओवाळलं,” ती म्हणाली. “कोणाचा ते मला माहीत नव्हतं.” मग बाबांकडे वळून म्हणाली, “अहो, ती बाई पायरीवर बसून रडत होती. तिच्या भावाच्या नावावर माझं कुंकू आहे. तिच्या जिन्यावरून मी रोज चढू-उतरू कशी?” बाबा ताट उचलून नळाशी गेले. भीती त्यांची खरी होती, आणि तिचंही खरं होतं. अशा वेळी आमच्या घरात भांडण व्हायचं नाही, नुसता नळाचा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कुंकवाचा करंडा घेतला, मला घेतलं आणि खालची बेल वाजवली. फ्राऊ एबरलेंच्या बैठकीत घड्याळाशेजारी एका मुलाचा फोटो होता. लष्करी टोपी, कानांना जरा मोठी. इतकी वर्षं आम्ही तो बघत होतो आणि कोण म्हणून कधी विचारलं नव्हतं. आई उभ्यानेच म्हणाली, “इश. इश हाबे गेमाख्ट. नाइन फार्बे.” मी. मी केलं. रंग नाही. आणि करंडा उघडून पुढे धरला. बाकीचं मी सांगितलं. बहिणी भावाला वर्षातून एकदा दिव्याने ओवाळतात. तिचा भाऊ शिपाई होता. फेब्रुवारीत बर्फाखाली गेला, सापडला नाही. गावात त्याचा दगड आहे तो तिने पाहिलेला नाही. आणि परवा चंद्र दिसला नाही. हे सगळं सांगताना मला कळत गेलं की आपल्या घरात गेले नऊ महिने काय चाललं होतं. माझ्याच तोंडून, परक्या भाषेत, मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

फ्राऊ एबरले करंड्यातल्या लाल पुडीकडे बघत होत्या. “फेब्रुवारीत?” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही माझा जिना पुसत होता?” मग फोटोकडे वळून म्हणाल्या, “साठ वर्षं लोक मला सांगतात की त्याच्यासाठी रडू नको, तो चुकीच्या बाजूचा होता. त्याने तिकडे काय केलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही, सांगणारं कोणी परतही आलं नाही. आणि तुम्ही येऊन त्याला देवासारखा दिवा दाखवता. तुम्हाला तरी काय माहीत आहे?” आवाज न चढवता त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. “जा आता, प्लीज.” आम्ही वर आलो. दुपारी पाटी आमच्या दाराला लागली. बेल न वाजवता.

शनिवारी आई जिना पुसून झाल्यावर बादली आणि ब्रश घेऊन उजेडात, सगळ्यांदेखत स्मारकाशी गेली. मीही गेले. हळदीचं कुंकू उन्हात उडतं, पण नोव्हेंबरात ऊन आणायचं कुठून? ती घासत होती तेवढ्यात हेर क्लाइन आले. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, “थांबा, घासू नका. वाळूचा दगड आहे, त्याचं नाकच निघून येईल. फ्राऊ एबरले बोलल्या माझ्याशी. तक्रार मागे घेतलीय.” आईने मान वर केली. “त्या काय म्हणाल्या?” मी विचारलं. “म्हणाल्या, परकं कोणी नाही, घरचंच माणूस आहे.” आईने ब्रश बादलीत टाकला आणि पाण्याकडेच बघत राहिली.

मी आता आईच्या तेव्हाच्या वयाची आहे. बॉनमधे राहते. माझा मुलगा मराठीत विचारलेल्याला जर्मनमधे उत्तर देतो आणि माझ्या आईने जे सोसलं त्याचा हिशेब पुरा होतो. हेल्मुटने तिकडे काय केलं असेल हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तो सुटू नये असंही वाटतं. पण वर्गात बसून मी ज्यांना ‘ते’ म्हणत होते त्यांना कोणीतरी बहीण होती, आणि ती आमच्या खाली राहत होती, हे मला शाळेने शिकवलं नसतं. मधे एकदा त्या गावी गेले होते. फ्राऊ एबरले आता नाहीत, घर विकलं गेलंय. शिपाई आहे. कपाळावर अजून एक फिकट डाग आहे. माहीत नसणाऱ्याला तो शेवाळाचा वाटेल.

तो फोल्क्सट्राउअरटागचा रविवार मला आवाजांसकट आठवतो. पिपाण्यांचा बँड, काळे कोट, ओल्या पाचोळ्यात घसरणारे बूट. एकेक नाव वाचलं गेलं. आई सगळ्यांच्या मागे, मी आणि बाबा तिच्या बाजूला. हो, बाबाही आले होते, टाय घालून. फ्राऊ एबरले पुढे होत्या. हेल्मुटचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. परत जाताना आमच्याजवळून गेल्या, थांबल्या नाहीत.

संध्याकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ एबरले, अंगात अजून तोच काळा कोट, आणि काखेत तो फोटो. “मला दाखवा,” त्या आईला म्हणाल्या. “कसं करतात ते.”

बीज केव्हाच सरली होती. आई म्हणाली, “तिथी गेली तर गेली.” तिने खुर्ची पूर्वेकडे तोंड करून ठेवली, पुढे फरशीवर चार रेघांची रांगोळी काढली, खुर्चीवर फोटो ठेवला. तबक तयार केलं आणि निरांजन लावून फ्राऊ एबरलेंच्या हातात दिलं. त्यांनी बोटावर कुंकू घेतलं, जरा थांबल्या. “काच आहे, हे धुता येईल,” असं कोरडं म्हणाल्या आणि टोपीच्या खाली, कपाळावर बोट टेकवलं. ओवाळायला लागल्या ते उलटं. आईने मागून त्यांचं मनगट धरलं आणि दोघींचे हात मिळून सुलट फिरायला लागले. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला फक्त ‘हेल्मुटले’ एवढं ऐकू आलं, आपण ‘विज्या’ म्हणावं तसं.

ओवाळून झालं. तबक हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, “मग? आता पुढे काय असतं?”

मी आईला विचारलं. आई फोटोकडे बघत होती. “सांग तिला,” ती म्हणाली, “आता भाऊ तबकात काहीतरी घालतो.”

मी सांगितलं. फ्राऊ एबरलेंनी मान हलवली. तबक त्यांनी खाली ठेवलं नाही, आणि आईने त्यांचं मनगट सोडलं नाही. दोघी ते तसंच पुढे धरून उभ्या राहिल्या.